सप्ताहाच्या पत्रिकेसाठी मजकुराप्रमाणे वाढणारं पान

अखंड हरिनाम सप्ताहाची पत्रिका फायनल झाली असं म्हणायची सोय नसते. काकडा, पारायण, हरिपाठ, कीर्तन हा तक्ता ठरलेला. पंगतीच्या अन्नदात्यांची यादी मात्र शेवटच्या रात्रीपर्यंत लांबतच जाते. छापील ए-फोरवर ती अक्षर बारीक करून कोंबावी लागते. परभणी असो की अंबाजोगाई, पत्रिका आता आधी गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पडते, आणि तिथं ए-फोरचा हट्ट कशाला? रुंदी पक्की बांधा, उंची मोकळी सोडा.

या कामाला टाइप्स्ट (कमांड लिहून पान मांडायचं सॉफ्टवेअर) सगळ्यात सोपं, आणि फुकट. खालच्या कमांड वाचायला म्हणून देवनागरीत दिल्या आहेत, टाइप रोमन लिपीतच करायच्या. फाईलच्या पहिल्या ओळीत ‘हॅश सेट पेज’ लिहून कंसात तीन गोष्टी द्या: विड्थ १०५ एमएम, हाइट ऑटो, मार्जिन ८ एमएम. ऑटोला अवतरणचिन्ह लावू नका. तो शब्द तसाच लागतो. पुढच्या ओळीत ‘हॅश सेट टेक्स्ट’: फॉन्ट नोटो सेरिफ देवनागरी, साइज १२ पॉइंट, लँग एमआर. इथं मात्र फॉन्टचं नाव आणि एमआर अवतरणात हवेत. एमआर दिलं की ज्या फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ आहेत, तिथं तेच उमटतात. नाहीतर हिंदी वळणाचे येतात.

एवढ्यावर पान मजकुराएवढं होतं. एक नाव वाढवा, पान एका ओळीनं वाढेल.

आता घोळ कुठं होतो ते. टाइप्स्ट ओळीची उंची मोजताना वरची कड रोमन कॅपिटल अक्षराच्या उंचीवर आणि खालची कड बेसलाइनवर, म्हणजे रोमन अक्षरं टेकतात त्या रेघेवर धरतं. इंग्रजीला ते चालतं. मराठीत ‘कीर्तन’मधली वेलांटी आणि रफार त्या मापाच्या वर जातात, ‘पुरुषोत्तम’मधला उकार खाली लोंबतो. मार्जिन ८ एमएम असेल तर हे झाकून जातं; पण मार्जिन शून्य केलं, किंवा मजकूर रंगीत चौकटीत घट्ट बसवला, की पहिल्या ओळीच्या मात्रा आणि शेवटच्या ओळीचे उकार कडेबाहेर जातात. उपाय टेक्स्टच्या सेटिंगमध्येच आहे: टॉप-एज ‘असेंडर’, बॉटम-एज ‘डिसेंडर’. हे केलं की ओळी एकदम फाकतात, कारण लीडिंग, म्हणजे दोन ओळींमधलं अंतर, आता या नव्या कडांच्या मधून मोजलं जातं. मूळचं ०.६५ ईएम असतं (एक ईएम म्हणजे फॉन्टच्या साइजएवढं माप), ते ०.३ ईएमच्या आसपास आणा आणि डोळ्यानं ठरवा.

दुसरी गफलत कॉलमची. अन्नदात्यांची नावं दोन कॉलममध्ये लावायला पेजचं कॉलम सेटिंग वापराल तर सगळी नावं डावीकडेच उतरतील. पानाला तळच नाही, मग पहिला कॉलम भरणार कधी? त्याऐवजी ग्रिड (आडव्या-उभ्या घरांचा तक्ता) वापरा, कॉलम २. नावं ओळीनं डावी-उजवी बसतात. ‘एक एफआर’ची (पानावर उरलेली सगळी) उभी जागा देऊन ‘समस्त गावकरी मंडळी’ तळाला ढकलायची युक्तीही इथं चालत नाही, ती जागा शून्य होते. सरळ ६ एमएम अंतर द्या.

व्हॉट्सअ‍ॅपसाठी पीएनजी काढताना पीपीआय (इंचामागे पिक्सेल) २६१ ठेवा. १०५ एमएम रुंदीला साधारण १०८० पिक्सेल मिळतात. काही न सांगितल्यास टाइप्स्ट १४४ धरतं आणि बारीक अक्षर फिकट दिसतं. कमांड लाइनवर पीएनजी काढताना फाईलच्या नावात पानाचा क्रमांक घाला अशी एरर आली, तर मजकुरात कुठंतरी पेजब्रेक राहिलाय, तो शोधून काढा. ग्रुपवर टाकताना फोटो म्हणून टाकू नका, डॉक्युमेंट म्हणून टाका. फोटो दाबला जातो आणि उंच पत्रिकेतली नावं वाचता येत नाहीत.

लाटेकवर (कमांडनंच पान मांडणारं जुनं सॉफ्टवेअर) हात बसलेला असेल तर स्टँडअलोन क्लास घ्या, ऑप्शनमध्ये व्हॅरविड्थ १०५ एमएम आणि बॉर्डर ५ एमएम, आणि झीलाटेकनं चालवा. त्यात फिगर एन्व्हायर्नमेंट (चित्र घालायची नेहमीची कमांड) एरर देतं, म्हणून विठ्ठलाचं चित्र थेट इन्क्लूडग्राफिक्सनं घाला. इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये टेक्स्ट फ्रेम ऑप्शन्समधलं ऑटो-साइज ‘हाइट ओन्ली’ केल्यावर फ्रेम वाढते, पान तेवढंच राहतं. ते पेज टूलनं हातानं ओढावं लागतं. रोज नावं बदलणार असतील तर हा उपद्व्याप नको.

मागच्या वर्षीच्या पत्रिकेतून मजकूर उचलणार असाल तर तो युनिकोड आहे का ते आधी पाहा. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मजकूर इकडं चिकटवला की नुसती रोमन अक्षरं आणि चिन्हं दिसतात. आधी कन्व्हर्टरमधून काढा आणि रफार, जोडाक्षरं एकदा वाचून घ्या. छापायला मात्र वेगळी ए-फोर फाईल करा. लांबलचक पान प्रिंटरच्या ‘फिट टू पेज’नं छापलं तर कागदावर मधोमध बारीक पट्टी येते.