गाडीच्या आत एलईडी बल्ब टाकले आणि प्रॉब्लेम आला? मग एकेक करून असं तपासा

गाडीतल्या रूम लाइटचे जुने पिवळे बल्ब काढून एलईडी टाकायचे म्हणजे कव्हर काढा, बल्ब बदला, कव्हर लावा, आणि खरंच बऱ्याच गाड्यांमध्ये तेवढ्यावर काम होऊन जातं. पण जिथे होत नाही तिथले प्रॉब्लेम ठरलेले आहेत, बल्ब लागतच नाही, किंवा बंद केल्यावरही मिणमिणत राहतो, किंवा सारखा फडफडतो, नाहीतर फ्युज उडतो आणि त्याच्याबरोबर घड्याळ, रेडिओ पण बंद पडतो. मग लोक एकतर बल्ब खराब आहे म्हणून परत करतात नाहीतर थेट वायर कापायला घेतात. माझं स्पष्ट मत आहे की वायर कापायची वेळ जवळजवळ कधीच येत नाही, आणि बल्ब पण वाटतो तितक्या वेळा खराब नसतो.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, काढलेले जुने बल्ब फेकू नका. जुना बल्ब हाच सगळ्यात भरवशाचा टेस्टर आहे. तो परत होल्डरमध्ये लावला आणि लागला, म्हणजे फ्युज, वायर, स्विच, होल्डर सगळं ठीक आहे आणि भानगड नव्या बल्बची किंवा तो बसवण्याची आहे. तोही लागला नाही तर एलईडीला दोष देऊ नका, करंट होल्डरपर्यंत येतोय का ते शोधा. पुढे जे काही सांगतोय ते सगळं याच टेस्टवर उभं आहे.

स्टेप १ : आधी करंट बंद

चावी काढली, दिवा बंद दिसतोय, म्हणजे होल्डरमध्ये करंट नाही असं समजू नका. खूप गाड्यांमध्ये रूम लाइटला पॉझिटिव्ह कायम आलेला असतो आणि दरवाजाचा स्विच फक्त निगेटिव्ह बाजू जोडतो. म्हणजे दिवा बंद असतानाही होल्डरच्या एका पट्टीवर १२ व्होल्ट असतातच, आणि तिथे स्क्रूड्रायव्हर घालून बल्ब उचकटताना तो शेजारच्या बॉडीच्या पत्र्याला टेकला की फ्युज गेला. त्यामुळे मॅन्युअलमध्ये बघून रूम लाइटचा फ्युज काढून ठेवा, बॅटरीची वायर काढण्यापेक्षा हे बरं, कारण बॅटरी काढली की काही गाड्यांमध्ये रेडिओचा कोड मागतो, काचांचं ऑटो सेटिंग जातं, उगाच नवं काम.

कव्हर काढायला प्लास्टिकची पट्टी घ्या किंवा चपट्या स्क्रूड्रायव्हरला कापड गुंडाळा. कव्हरच्या कडेला छोटी खाच शोधा, बहुतेक कव्हरना ती असते, तिथूनच हलक्या हाताने उचला. आणि छताच्या कडेचं किंवा काचेशेजारच्या खांबाचं ट्रिम ओढायची वेळ येतेय असं वाटलं तर थांबा, तिथे बऱ्याच गाड्यांमध्ये कर्टन एअरबॅग असते आणि दिव्यासाठी त्याला हात लावायचं काहीच कारण नाही.

स्टेप २ : साइज बघून घ्या, अंदाजाने नको

गाडीच्या आत मुख्यतः दोन प्रकार भेटतात. एक टी१०, म्हणजे खालून चपटा, होल्डरमध्ये सरळ दाबून बसणारा, त्यालाच डब्ल्यू५डब्ल्यू म्हणतात. दुसरा फेस्टून, दोन्ही टोकांना धातूच्या टोप्या असलेला लांबुळका, दोन पट्ट्यांच्या मध्ये अडकतो. फेस्टून ३१, ३६, ३९ आणि ४१-४२ मिलिमीटर अशा लांबीत येतो आणि ही लांबी टोकापासून टोकापर्यंत मोजायची, नुसत्या काचेची नाही. ३६ आणि ३९ मध्ये सगळ्यात जास्त घोळ होतो कारण बघून फरक कळत नाही. ३९ च्या जागी ३६ टाकला तर तो कसाबसा अडकतो, घरी लागतोही, आणि रस्त्यावर खड्डा आला की बंद. लांबीबरोबर रुंदीपण बघा, एलईडीची पट्टी जुन्या काचेपेक्षा रुंद असते आणि मग कव्हर बसत नाही, जोर लावून बसवलं तर क्लिप तुटते.

काही नवीन गाड्यांमध्ये कंपनीनेच एलईडी सर्किटवर सोल्डर करून दिलेले असतात, तिथे बदलायला बल्बच नसतो, त्याच्या नादी लागू नका.

स्टेप ३ : एका वेळी एकच बल्ब, आणि कव्हर लावायच्या आधी टेस्ट

सगळे बल्ब एकदम बदलले आणि मग काहीतरी बिघडलं तर कुठल्यामुळे ते कळणार नाही. एक बदला, फ्युज लावा, दिवा चालू-बंद करा, दरवाजा उघडून बघा, इंजिन चालू करून बघा, मग फ्युज काढून पुढचा. वेळखाऊ वाटतं, पण नंतर सगळी कव्हरं परत उचकटण्यापेक्षा कमी वेळ जातो.

आता प्रॉब्लेम बघू.

बल्ब लागतच नाही

पहिलं काम, बल्ब काढून उलटा करून लावा. साध्या बल्बमध्ये नुसती तार असते, तिला करंट कुठूनही आला तरी चालतो, पण एलईडी एकाच दिशेने करंट घेतो. टी१० असेल तर अर्धा फिरवून परत दाबा, फेस्टून असेल तर डावं टोक उजवीकडे करा. काही एलईडीमध्ये आतच रेक्टिफायर असतो, ते कसेही लावले तरी लागतात, पण पाकिटावर तसं लिहिलेलं नसेल तर दिशा असते असंच धरा. उलटा लागल्याने बल्ब सहसा जळत नाही, फक्त लागत नाही.

उलटूनही नाही लागला तर कॉन्टॅक्ट बघा. टी१० च्या बुडाशी दोन बारीक तारा वर वळवलेल्या असतात, त्या दाबल्या गेल्या की होल्डरच्या पट्टीला टेकत नाहीत, टाचणीने जराशा बाहेर काढल्या की काम होतं. दोन्ही तारा एकमेकींना टेकत नाहीयेत ना तेही तेव्हाच बघा, कारण टेकल्या तर शॉर्ट. फेस्टूनच्या होल्डरच्या पट्ट्या जुन्या बल्बच्या गरमीने सैल झालेल्या असतात, फ्युज काढलेला असताना त्या बोटांनी किंचित आत वाकवा, किंचितच, जास्त वाकवली तर तुटते.

आणि एक गोष्ट जी लोकांना चक्रावून टाकते, गाडीचा बॅटरी सेव्हर. दरवाजा बराच वेळ उघडा ठेवून तुम्ही काम करत असता आणि गाडी ठरावीक वेळाने आतल्या दिव्यांचा करंट स्वतःच तोडते. तुम्हाला वाटतं नवा बल्ब गेला. इग्निशन चालू करा किंवा दरवाजा बंद करून परत उघडा आणि मग बघा.

एवढं करूनही अंधारच असेल तर जुना बल्ब लावा. जुना लागला तर नवा बल्ब खराब, बदलून घ्या. जुना पण नाही लागला तर मल्टीमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवून होल्डरच्या दोन पट्ट्यांमध्ये मोजा, दिवा चालू स्थितीत १२ च्या आसपास आले पाहिजेत. काहीच नाही आलं तर फ्युज बघायला घ्या.

बंद केला तरी मिणमिणतो

याच्यावर सगळ्यात जास्त गोंधळ होतो म्हणून जरा सविस्तर सांगतो. गाडीचं बॉडी कंट्रोल मॉड्यूल, म्हणजे आतले दिवे, लॉक वगैरे सांभाळणारा छोटा कंप्युटर, दिवा बंद असतानाही त्या लाइनवर थोडासा करंट सोडू शकतं, कधी सर्किट तसं बनवलेलं असतं म्हणून, कधी बल्ब जिवंत आहे का ते तपासायला. हा करंट एवढा कमी असतो की ५ वॉटच्या बल्बची तार लाल पण होत नाही, त्यामुळे इतकी वर्षं तो कुणाला दिसलाच नाही. एलईडीला मात्र एखाद-दोन मिलिअँपिअर पण पुरतात, म्हणून रात्री गाडी लॉक केल्यावर आत मंद उजेड दिसतो किंवा मधूनमधून लुकलुकतो.

घाबरण्याआधी काही मिनिटं थांबा. दरवाजा लावल्यावर दिवे हळूहळू मंद होतात आणि मॉड्यूल पूर्ण झोपायला वेळ घेतं. बऱ्याच गाड्यांत मिणमिणणं त्यानंतर आपोआप थांबतं, मग काहीच करायची गरज नाही.

थांबत नसेल तर सगळ्यात सोपा उपाय, एकाच सर्किटवर दोन-तीन दिवे एकत्र लागत असतील तर त्यातल्या एका जागी जुना साधा बल्ब परत लावा. शक्यतो कमी दिसणारी जागा निवडा. तो फालतू करंट मग त्या तारेतून निघून जातो आणि बाकीचे एलईडी पूर्ण बंद होतात. पैसे नाहीत, सोल्डरिंग नाही.

तसं नको असेल तर एलईडीच्या दोन टोकांना समांतर एक १ किलोओहमचा अर्धा वॉटचा रेझिस्टर लावता येतो. इंजिन चालू असताना १४.४ व्होल्ट धरले तरी त्यात जेमतेम ०.२ वॉट जातात, म्हणजे तो फार तापत नाही. पाव वॉटचा रेझिस्टर घेऊ नका, तो अगदी काठावर राहतो. आणि इंडिकेटरसाठी मिळतो तो ६ ओहम ५० वॉटचा लोड रेझिस्टर गाडीच्या आत अजिबात नको, त्यातून १२ व्होल्टवर २ अँपिअर जातात, २४ वॉटची गरमी होते, आणि छताच्या प्लास्टिक आणि कापडाला लागून एवढी गरम वस्तू ठेवणं म्हणजे आग लावायला जागा करून देणं आहे. हे कोणी कितीही ठामपणे सुचवलं तरी करू नका.

फडफडतो किंवा झटकन बंद होतो

आधी कव्हर उघडं ठेवून बल्बला बोटाने हलकं हलवा. हलवल्यावर फरक पडला तर कॉन्टॅक्ट सैल आहे, वर सांगितलंय तसं करा.

फक्त मंद होत जाताना फडफडत असेल तर ते वेगळं. गाडी दिवा मंद करण्यासाठी व्होल्टेज कमी करत नाही तर करंट फार वेगाने चालू-बंद करते, साध्या बल्बची तार मधल्या वेळात गरम राहते म्हणून ते मऊ दिसतं, एलईडी मात्र प्रत्येक चालू-बंद दाखवतो. यात कशाचं नुकसान नाही. गंमत म्हणजे ज्या बल्बमध्ये आत ड्रायव्हर चिप, म्हणजे एलईडीचा करंट सांभाळणारं सर्किट, आहे तो इथे जास्त त्रास देतो, नुसता रेझिस्टर असलेला साधा एलईडी छान मंद होतो, त्यामुळे तुम्हाला तो हळूहळू विझणारा इफेक्ट आवडत असेल तर महागडाच बल्ब चांगला असं नाही. मोबाइलच्या कॅमेऱ्यात पट्टे दिसतात पण डोळ्यांना काहीच दिसत नाही, तर तो फॉल्ट समजू नका.

इंजिन बंद असताना ठीक आणि चालू केल्यावर गडबड, असं असेल तर व्होल्टेज मोजा. बंद गाडीत बॅटरी १२.६ च्या आसपास असते, चालू गाडीत साधारण १३.५ ते १४.५. अगदी स्वस्त एलईडी १२ धरूनच बनवलेले असतात आणि वरच्या दोन व्होल्टमध्ये जास्त करंट खेचून तापतात, मग काही दिवसांत एकेक ठिपका जातो. इथे मात्र बल्बच बदलावा लागतो, चालू गाडीचं व्होल्टेज झेलेल असा.

कॅनबस किंवा एरर फ्री लिहिलेले बल्ब हे डॅशबोर्डवर बल्ब गेल्याची वॉर्निंग येणाऱ्या गाड्यांसाठी असतात, त्यात मुद्दाम जास्त करंट खेचायला रेझिस्टर घातलेले असतात आणि म्हणून ते जास्त तापतात. वॉर्निंग येत नसेल तर उगाच घेऊ नका.

फ्युज उडाला

रूम लाइट, घड्याळ, रेडिओची मेमरी, कधीकधी सेंट्रल लॉक पण एकाच फ्युजवर असतात. बल्ब बदलल्याबदलल्या हे सगळं एकदम गेलं तर कारण तोच फ्युज, दुसरं काही शोधू नका. जेवढ्या अँपिअरचा होता तेवढ्याचाच नवा लावा, ब्लेड फ्युजमध्ये लाल १० चा आणि निळा १५ चा, लालच्या जागी निळा चालेल असं म्हणणाऱ्याचं ऐकू नका कारण मग फ्युजच्या आधी वायर तापते. नवा फ्युज एलईडी काढून ठेवून लावा. टिकला तर एकेक बल्ब लावत जा, ज्याने उडाला तो दोषी. एकही बल्ब नसताना उडत असेल तर वायर कुठेतरी दबली आहे, ते काम ऑटो इलेक्ट्रिशियनला द्या.

उजेड कमी पडतो किंवा डोळ्यावर येतो

साधा बल्ब चहूबाजूंनी उजेड देतो, फेस्टून एलईडी बहुधा एकाच बाजूने. ठिपके छताकडे तोंड करून बसले असतील तर उजेड कव्हरमागेच अडकतो, बल्ब जागच्या जागी गोल फिरवा आणि ठिपके खाली आणा. रंगाचं म्हणाल तर ६००० केल्विनचा निळसर पांढरा घेण्याची घाई करू नका, रात्री समोरच्या काचेत त्याचं प्रतिबिंब फार टोचतं. ३००० ते ४३०० मध्ये नकाशा वाचता येतो आणि डोळे पण शांत राहतात. सगळे एकाच पॅकमधले घ्या, नाहीतर पुढचा दिवा पांढरा आणि मागचा निळा असं दिसतं.

रेडिओत खरखर

एलईडी चालू केल्यावर एफएमवर खरखर येते आणि बंद केल्यावर जाते, तर बल्बच्या आतल्या ड्रायव्हरचा आवाज आहे. कमजोर स्टेशन लावून एकेक दिवा चालू-बंद करा, कोणता बल्ब ते लगेच कळतं, आणि तो दुसऱ्या प्रकारचा घ्या. काही गाड्यांत याचमुळे रिमोटची रेंज पण कमी होते.

सगळं झाल्यावर डिकी आणि ग्लव्ह बॉक्स तपासायला विसरू नका, तिथला दिवा बंद होतो का ते आपल्याला कधी दिसतच नाही. मोबाइलवर व्हिडिओ चालू करून तो आत ठेवा, डिकी बंद करा, दोन मिनिटांनी उघडून बघा, फक्त चावी आणि रिमोट बाहेर तुमच्या हातात ठेवा.