कमी पैशात ड्राफ्ट: चुकीची किंमत लागलेला खेळाडू कसा हेरायचा

मेजर लीग ही अमेरिकेतली बेसबॉलची सर्वोच्च लीग. शाळा-कॉलेजातले नवे खेळाडू निवडायच्या तिच्या ड्राफ्टमध्ये आयपीएलसारखी बोली लागत नाही. संघ क्रमाने एकेक नाव घेतात, २० फेऱ्या होतात आणि घेतलेल्या खेळाडूशी फक्त तोच संघ करार करू शकतो. कमी कमाईच्या संघासाठी यापेक्षा स्वस्त बाजार नाही. खेळाडू मेजर लीगमध्ये पोचला की सहा वर्षांची सेवा भरेपर्यंत तो तुमचा, आणि त्यातली साधारण पहिली तीन वर्षं किमान पगाराच्या आसपास निघतात. २०२५ मध्ये हा किमान पगार ७ लाख ६० हजार डॉलर होता.

आधी पैशांचा हिशेब, मग खेळाडू. पहिल्या १० फेऱ्यांतल्या प्रत्येक क्रमांकाला लीगने सहीच्या बोनसची एक रक्कम ठरवून दिलेली असते, तिला स्लॉट म्हणतात. तुमच्या सगळ्या स्लॉटची बेरीज म्हणजे बोनस पूल. तो कोणाला किती वाटायचा हे तुमच्या हातात असतं. पूल ५ टक्क्यांपर्यंत ओलांडला तर जादा रकमेवर ७५ टक्के कर बसतो; त्याच्या पुढे गेलात तर करासोबत पुढच्या ड्राफ्टमधला पहिल्या फेरीचा हक्कही जातो. पूल १ कोटी डॉलरचा असेल तर ५ लाख जास्त खर्चायचे आणि पावणेचार लाख कर भरायचा. गरीब संघानेही ही मुभा पुरेपूर वापरावी. पावणेनऊ लाखांत मोकळ्या बाजारात धड राखीव पिचरसुद्धा (म्हणजे चेंडू फेकणारा, गोलंदाज) येत नाही. ११व्या फेरीपासून दीड लाख डॉलरपर्यंतचा बोनस पूलमध्ये धरत नाहीत, हेही ध्यानात ठेवा.

पिट्सबर्गचा २०२१ चा ड्राफ्ट बघा. पहिल्या क्रमांकाचा स्लॉट सुमारे ८४ लाख होता. त्यांनी कॅचर (यष्टिरक्षकासारखा) हेन्री डेव्हिसला ६५ लाखांत राजी केलं. वाचलेले १९ लाख खालच्या फेऱ्यांत फिरवले आणि ७२व्या क्रमांकावर बबा चँडलरला ३० लाख दिले. त्या जागेचा स्लॉट १० लाखांच्याही आत होता. चँडलर तिथवर घसरला तो खेळात कमी म्हणून नव्हे. त्याला क्लेमसन विद्यापीठात अमेरिकन फुटबॉलही खुणावत होतं, आणि एवढी किंमत मोजायची इतरांची तयारी नव्हती. डेव्हिसची बॅट मेजर लीगमध्ये २०२५ पर्यंत चाललेली नव्हती. चँडलर मात्र २०२५ मध्ये तिथे पोचला. एकाच नावावर सगळं न लावल्याचा हा फायदा.

आणखी पैसे वाचवायची जागा म्हणजे सहावी ते दहावी फेरी. तिथे कॉलेजच्या शेवटच्या वर्षाची मुलं घ्या. त्यांना परत जायला कॉलेज उरलेलं नसतं, म्हणून ती ५ ते १० हजार डॉलरवरही सही करतात.

आता माणसं. ज्याची किंमत पडण्याचं कारण तुम्हाला दुरुस्त करता येईल, असा खेळाडू शोधा. क्लीव्हलँडने हे पिचरच्या बाबतीत फार नेटाने केलं. २०१६ च्या एकाच ड्राफ्टमध्ये त्यांनी तिसऱ्या फेरीत एरन सिव्हाली, चौथ्या फेरीत शेन बीबर आणि १२व्या फेरीत कोपराची शस्त्रक्रिया झालेला झॅक प्लीसॅक घेतला. तिघेही मेजर लीगमध्ये पोचले, आणि बीबरने २०२० मध्ये सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळवला. कॉलेजात त्याचा वेग डोळ्यांत भरणारा नव्हता, पण चेंडू हवा तिथे पडायचा. ९ इनिंगमागे, म्हणजे एका पूर्ण सामन्यामागे, दोनपेक्षा कमी वॉक (चार चेंडू बाहेर पडल्याने बॅटरला फुकट मिळणारा पहिला बेस) देणारा, सारख्या लयीत फेकणारा आणि अंग अजून भरायचं बाकी असलेला मुलगा दिसला की नाव टिपून ठेवा. वेग व्यायामाने आणि फेकीतल्या दुरुस्तीने वाढवता येतो. नेम शिकवणं त्याहून अवघड. अर्थात वेग सगळ्यांचा वाढत नाही, आणि ताशी ८८ मैलांवर अडकलेला पिचर खालच्या स्तरावरच्या मायनर लीगमध्येच संपतो. म्हणून असा एकच घेऊन चालत नाही, पाच-सहा घ्यावे लागतात.

कॉलेजच्या बॅटरची नुसती सरासरी बघू नका. तिथे धातूच्या बॅटने खेळतात, आणि कोलोरॅडोसारख्या उंचावरच्या मैदानांवर विरळ हवेत चेंडू उगाच लांब जातो. संघाचा सगळ्यात चांगला पिचर बहुधा शुक्रवारी उतरतो. मंगळवार-बुधवारच्या सामन्यांत दुय्यम हात असतात. शुक्रवारचे आकडे वेगळे काढा. मग केप कॉडच्या कॉलेज खेळाडूंच्या उन्हाळी लीगमध्ये, म्हणजे मेजर लीगसारख्याच लाकडी बॅटने, तो किती वेळा स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) झाला ते त्यांच्याशेजारी ठेवा. दोन्हीकडे टिकला तर तो खरा. शाळकरी बॅटरची जन्मतारीख आधी विचारा: साडेसतराव्या वर्षी जमणारी गोष्ट एकोणिसाव्या वर्षी जमली तर तिचं तेवढं कौतुक नाही.

एक जुना सापळा टाळा. २००२ मध्ये ओकलंडकडे पहिल्या फेरीचे सात क्रमांक होते. वॉक घेऊन बेसवर पोचणारे कॉलेजचे खेळाडू तेव्हा खरोखरच स्वस्त मिळत. त्यातून निक स्विशर मिळाला. पण ३५व्या क्रमांकाचा, साडेतीन लाखांचा जेरेमी ब्राउन मेजर लीगमध्ये पाचच सामने खेळला. आज वॉकचा आकडा प्रत्येक संघाच्या संगणकात आहे, त्यामुळे त्यात सवलत उरलेली नाही.

दुखापतीमुळे उतरलेली किंमतही तपासून घ्या. कोपरावरच्या टॉमी जॉन शस्त्रक्रियेनंतर परतायला १२ ते १८ महिने लागतात. प्लीसॅक परतला, पण २०१५ मध्ये १७व्या क्रमांकावर घेतलेला ब्रेडी एकेन मेजर लीगपर्यंत पोचलाच नाही. कोपराचा धोका पत्करता येतो, खांद्याचा सहसा नको.

सगळ्यात महाग चूक घडते ती सहीच्या वेळी. पहिल्या १० फेऱ्यांतल्या खेळाडूने सही केली नाही तर त्याचा स्लॉटच पूलमधून वजा होतो. २०१४ मध्ये याच एकेनशी ह्यूस्टनचं वैद्यकीय तपासणीनंतर फिसकटलं. पैसे गेले, आणि त्यांच्याच भरवशावर १५ लाख कबूल केलेला पाचव्या फेरीचा जेकब निक्सही हातचा गेला. म्हणून नाव पुकारण्याआधी खेळाडूच्या सल्लागाराकडून फोनवर आकडा पक्का करा, वैद्यकीय अहवाल आधी मागा, आणि महागड्या नावाला नकार आला तर त्या पैशांत बसणारी आणखी दोन नावं कागदावर तयार ठेवा.