२०० एमबीपीएसच्या प्लॅनवर नेटचा स्पीड ९४ ला अडकतोय? आधी केबलचं टोक बघा

जळगाव, भुसावळ, धुळ्याचे मित्र ग्रुपवर स्पीड टेस्टचे स्क्रीनशॉट टाकतात, तेव्हा सगळ्यांनी सर्व्हर (ज्या दूरच्या संगणकाशी जोडून स्पीड मोजला जातो तो) एकच निवडलाय का ते आधी बघावं. एकाचा मुंबईचा, दुसऱ्याचा गावातलाच, तर ती तुलना फुकट. टेस्ट लॅन केबल (राउटर ते लॅपटॉप जोडणारी) लावूनच घ्या, टीव्ही आणि बाकीचे मोबाइल बंद ठेवून.

माझा प्लॅन २०० एमबीपीएसचा, पण आकडा ९४ च्या पुढे हलेना. स्पीड खालीवर होत असेल तर लाइनवर संशय घ्यावा. तो ९४-९५ वरच ठाम थांबत असेल तर कुठेतरी लिंक, म्हणजे केबलने जोडलेल्या दोन उपकरणांमधला जोड, १०० एमबीपीएसवर जुळलेली असते. लॅपटॉपच्या नेटवर्क सेटिंगमध्ये लिंक स्पीड बघितला, तर १००/१००. गिगाबिटला (१००० एमबीपीएस) केबलच्या आठही तारा लागतात, १०० ला चारच पुरतात. म्हणून नेट चालू राहतं आणि दोष लपतो. केबलच्या टोकाचा प्लास्टिकचा कनेक्टर उजेडात धरल्यावर दिसलं, तपकिरी तार पिनेपर्यंत पोचलीच नव्हती.

टोक कापून नवा आरजे-४५ (हाच तो कनेक्टर) क्रिम्प केला, म्हणजे पकडीने दाबून बसवला. तारांचा क्रम: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दुसरं टोकही ह्याच क्रमात हवं. लिंक १००० वर आली आणि टेस्ट १९० च्या वर गेली.

केबल बदलूनही फरक पडला नाही, तर राउटरचं पोर्टच (केबल लावायची जागा) १०० चं असू शकतं. स्वस्त राउटरमध्ये हे सर्रास दिसतं. आणि आपल्याकडच्या मे महिन्यात राउटर पत्र्याखाली अजिबात ठेवू नका, तापला की हँग होतो.