घरात थोरले मांजर असताना नवे पिल्लू आणायचे असेल तर

पावसाळ्याच्या तोंडावर सोसायटीच्या पार्किंगमध्ये, जिन्याखाली, कधी गाडीच्या बॉनेटखाली मांजरीची पिल्ले सापडू लागतात, आणि ज्या घरात आधीच एक मांजर नांदत असते त्याच घरी ती बहुधा येऊन पोहोचतात. आणणाऱ्याचे सारे लक्ष त्या भिजलेल्या जिवाकडे असते. जपावे मात्र अधिक थोरल्या मांजराला लागते. दाराची चौकट, सोफ्याचा कोपरा, खुर्चीचा पाय अशा ठिकाणी रोज गाल घासून त्याने घरभर स्वतःचा वास पेरलेला असतो, त्या वासावरच त्याची सुरक्षिततेची भावना उभी असते आणि अचानक त्या हद्दीत एक परका वास शिरतो. म्हणून या दोघांच्या ओळखीचा वेग थोरल्यानेच ठरवावा. कुठे हे काम आठवड्यात होते, कुठे दोन-तीन महिने लागतात.

पिल्लाला आधी पशुवैद्याकडे न्यावे आणि मगच घरात घ्यावे. रस्त्यावरच्या पिल्लाच्या अंगावर पिसवा, कानात माइट नावाचे बारीक किडे, पोटात जंत आणि त्वचेवर माणसालाही होणारा नायटा असू शकतो. सर्वांत घातक रोग म्हणजे पॅनल्यूकोपेनिया, मांजरांची आतडी आणि पांढऱ्या रक्तपेशी यांवर घाला घालणारा विषाणूजन्य आजार. वरून धडधाकट दिसणाऱ्या पिल्लातही हा विषाणू असू शकतो, लक्षणे काही दिवसांनी उमटतात आणि घरातील वस्तूंवर तो महिनोन्‌महिने टिकून राहतो. त्यामुळे थोरल्या मांजराचे लसीकरण पूर्ण आहे की नाही, हे पिल्लू घरात येण्यापूर्वीच पाहावे. फेलाइन ल्यूकेमिया आणि एफआयव्ही या मांजरांची प्रतिकारशक्ती खच्ची करणाऱ्या विषाणूंच्या रक्तचाचणीविषयीही डॉक्टरांना विचारावे. पिल्लाच्या लसी 6 ते 8 आठवड्यांच्या वयापासून सुरू होतात आणि साधारण 16 आठवड्यांपर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतराने दिल्या जातात. रेबीजची लस 12 आठवड्यांनंतर देतात.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. आपल्याकडे फरशी पुसायला सर्रास फिनाइल वापरतात. त्यातील फिनॉलवर्गीय द्रव्ये मांजराचे यकृत नीट निचरून टाकू शकत नाही, आणि फरशीवर चाललेले मांजर पुढे पंजे चाटतेच. म्हणून फिनाइल टाळावे. पॅनल्यूकोपेनियाच्या विषाणूवर ब्लीच उपयोगी पडते. एक भाग ब्लीच आणि सुमारे 32 भाग पाणी असे द्रावण करून पुसावे, नंतर साध्या पाण्याने फरशी धुवावी आणि ती पूर्ण वाळेपर्यंत दोन्ही मांजरांना तिथे फिरकू देऊ नये.

पिल्लासाठी दार पूर्ण बंद होणारी एक वेगळी खोली ठेवावी. जागा फारच कमी असेल तर कोरडे, हवेशीर न्हाणीघरही चालते. थोरल्याची लाडकी झोपायची जागा मात्र यासाठी घेऊ नये. खोलीत पाणी, खाणे, शी-शूसाठी लिटरची पेटी आणि लपायला एखादे पुठ्ठ्याचे खोके असावे. किमान दोन आठवडे पिल्लाने तिथेच राहावे, कारण रोग असेल तर तो बहुधा याच काळात डोके वर काढतो. पिल्लाला हाताळून बाहेर आल्यावर हात साबणाने धुवावेत आणि शक्य असल्यास कपडे बदलावेत.

पिल्लू निरोगी असल्याची डॉक्टरांनी खात्री दिल्यानंतर वासांची देवाणघेवाण सुरू करावी. स्वच्छ सुती फडके पिल्लाच्या गालांवरून हळुवार फिरवून थोरल्याच्या खाण्याच्या भांड्यापासून थोडे दूर ठेवावे, आणि थोरल्याचे फडके पिल्लाच्या खोलीत द्यावे. थोरले फिसकारले तर फडके आणखी लांब सरकवावे; हुंगून ते निवांत निघून गेले तर एक पायरी पार पडली असे समजावे. यानंतर बंद दाराच्या दोन्ही बाजूंना दोघांना एकाच वेळी खायला द्यावे, आणि भांडी रोज थोडी थोडी दाराजवळ आणावीत. परक्या वासाबरोबर आवडीचे खाणे येते, ही जोड मनात बसणे हाच या साऱ्या खटाटोपाचा गाभा आहे, आणि घाईची माणसे नेमकी हीच पायरी गाळतात.

पुढची पायरी दृष्टिभेटीची. आपल्या अनेक फ्लॅटांना असतो तसा जाळीचा दरवाजा यासाठी फार उपयोगी पडतो. तो नसेल तर खोलीच्या चौकटीत मजबूत जाळी घट्ट बसवावी. जाळीपलीकडे पिल्लू दिसत असतानाही थोरले शांतपणे खाऊ लागले, की मोकळ्या खोलीत पाच-दहा मिनिटांची भेट घडवावी. त्याआधी पिल्लाला भरपूर खेळवून दमवावे, कारण म्हाताऱ्या, सांधे दुखणाऱ्या मांजराला अंगावर उड्या मारणारे पिल्लू सोसवत नाही. पिल्लाला कुशीत धरून थोरल्यासमोर नेऊ नये. घाबरले तर पळायला वाट नसल्याने ते बोचकारते.

फिसकारणे, गुरगुरणे, पंज्याची एखादी चापट ही थोरल्याची मर्यादा सांगण्याची रीत आहे. त्यासाठी त्याला रागावू नये. पापणी न हलवता रोखून पाहणे, कान मागे पाडून दबा धरणे किंवा पाठलाग करून कोपऱ्यात गाठणे दिसले, तर दोघांच्या मध्ये उशी किंवा पुठ्ठा सरकवून भेट थांबवावी आणि एक पायरी मागे जावे. मध्ये हात घालू नये. चावा किंवा ओरखडा बसलाच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी.

दोन मांजरांना लिटरच्या तीन पेट्या लागतात, आणि त्या एका ओळीत न मांडता वेगवेगळ्या जागी ठेवाव्यात. थोरल्याला कपाटावर किंवा खिडकीत पिल्लाला पोहोचता येणार नाही अशी उंच जागा हवी. खाणे वेगळे द्यावे. पिल्लाच्या खाण्यात प्रथिने आणि फॉस्फरस जास्त असतात, आणि थोरल्याला मूत्रपिंडाचा आजार असेल तर ते त्याला अपायच करते.

या काळात थोरल्याने दिवसभर अन्नाला तोंड लावले नाही, तर वाट पाहू नये, कारण उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साठून जिवावर बेतू शकते. बोका पेटीत वारंवार बसून कुंथत असेल आणि लघवी होत नसेल, तर त्याला रात्री-अपरात्रीही तातडीने दवाखान्यात न्यावे.

दोघे एका खोलीत निर्धास्त झोपू लागेपर्यंत, घरी कोणी नसताना पिल्लू त्याच्या खोलीतच बंद असावे. त्याच्या नसबंदीची तारीखही लवकर ठरवून ठेवावी. मादी चौथ्या महिन्यातही माजावर येऊ शकते, आणि वयात येणारा नर घरभर मूत्राचे फवारे मारू लागला तर जुळत आलेली जोडी पुन्हा विस्कटते.