बिल्डिंग खचतेय की भराव? पायाच्या दुरुस्तीआधी या चुका टाळा

वाशी, सानपाडा, कोपरखैरणे किंवा ठाण्यात खाडीच्या अंगाला असलेल्या बाळकुम-कोलशेतकडची एखादी जुनी सोसायटी बघा. जिन्याची पहिली पायरी बाकीच्यांपेक्षा उंच झालेली असते, जोत्यालगतचे पेव्हर ब्लॉक वीतभर खाली गेलेले असतात आणि कमिटीच्या मीटिंगमध्ये कोणीतरी घाबऱ्या आवाजात सांगत असतं, "बिल्डिंग बसतेय." बऱ्याचदा बिल्डिंग जागच्या जागी असते. बसलेली असते ती तिच्या भोवतालची जमीन.

हा फरक न ओळखताच कामाला लागणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. १९७० साली नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी सिडको स्थापन झाली आणि पुढे नवी मुंबईचा बराचसा भाग खाजणं, मिठागरं आणि भातशेतांवर मुरमाचा भराव घालून उभा राहिला. भरावाखाली खाडीची मऊ चिकणमाती आहे. वरून वजन आलं की तिच्यातलं पाणी हळूहळू पिळून निघतं आणि थर बसत जातो. हे वर्षानुवर्षं चालतं. मोठ्या इमारतींचे पाईल, म्हणजे जमिनीत खोलवर उतरवलेले काँक्रीटचे खांब, हा थर ओलांडून खालच्या खडकापर्यंत गेलेले असतात, म्हणून त्या टिकून राहतात. कंपाऊंड, पार्किंग, ड्रेनेजचे चेंबर आणि कित्येकदा तळमजल्याची लादी मात्र भरावावरच असते. गावठाणातली घरं आणि बैठ्या रो-हाऊसचा पाया बहुधा उथळ असतो. तिथे पायाच खचू शकतो आणि तिथे वेळ घालवून चालत नाही.

खचलं की वर मुरूम टाकणं

दर दोन-तीन वर्षांनी ठेकेदार येतो, ब्लॉक काढतो, मुरूम पसरतो, ब्लॉक परत बसवतो. एक ब्रास (शंभर घनफूट) मुरूम म्हणजे साधारण साडेचार-पाच टन. म्हणजे आपणच त्या मऊ मातीवर नवं वजन ठेवतो आणि ती आणखी बसते. थोडीफार पातळी सारखी करायला हरकत नाही, पण आधी त्याच जागी जमीन का जाते ते शोधा.

उत्तर अनेकदा ड्रेनेजमध्ये सापडतं. इमारत स्थिर आणि जमीन खाली, अशा ओढाताणीत पाईप नेमका भिंतीतून बाहेर पडतो तिथे सांधा तुटतो. सांडपाणी जमिनीत मुरतं, भरावातली बारीक माती वाहून जाते, पोकळी होते आणि जमीन आणखी खाली जाते. त्यामुळे तिथला पाईप पुन्हा कडक बांधून टाकण्यापेक्षा थोडी हालचाल सोसेल असा लवचिक सांधा द्या. चेंबरमध्ये रंगाचं पाणी सोडून कुठे गळतंय ते बघायला फारसा खर्च येत नाही.

प्रत्येक तडा पायाचा मानणं

कॉलमच्या उभ्या रेषेत भेग, तांबूस डाग आणि फुगलेलं प्लॅस्टर असेल तर आतली सळई गंजली आहे. खाडीच्या खाऱ्या हवेत हे सर्रास होतं. बीम आणि विटांच्या भिंतीच्या सांध्यावरची केसाएवढी रेघही बहुधा पायामुळे आलेली नसते. पाया खचण्याची खूण म्हणजे खिडकी-दाराच्या कोपऱ्यातून तिरकी, पायऱ्या-पायऱ्यांनी चढत जाणारी भेग, जी एका टोकाला अरुंद आणि दुसऱ्या टोकाला रुंद असते. दार अडकणं हा पुरावा पावसाळ्यात धरू नका. लाकूड तेव्हा फुगतंच.

भेगेत पुट्टी भरून रंग मारला की खूण बुजते. त्याऐवजी भेगेवर काचेची पट्टी आडवी चिकटवा, शेजारी तारीख लिहा. पट्टी तडकली तर हालचाल चालू आहे. गवंड्याच्या पारदर्शक नळीत पाणी भरून खोलीच्या चारही कोपऱ्यांची पातळी तपासा आणि पावसाळ्याच्या आधी व नंतर पुन्हा मोजा. पहिल्या मोजणीतला फरक बांधतानाचाच असू शकतो, वाढतोय का ते महत्त्वाचं. दोन आधारांमध्ये तीन मीटर अंतरावर एक सेंटिमीटर उंचसखल झालं की भिंतींना तडे जायला लागतात, हा स्थापत्यशास्त्रातला जुना ठोकताळा आहे. इंजिनिअर येईल तेव्हा ही नोंद त्याच्या हातात द्या. निम्मं काम झालेलं असेल.

डोंगराकडे आहोत म्हणून निर्धास्त राहणं

ठाण्यातल्या येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी खडक असला तरी उतारावर जागा सपाट करताना वरची बाजू कापतात आणि तीच माती खाली भरतात. अर्धं घर खडकावर, अर्धं भरावावर असेल तर एकच बाजू बसते आणि मधोमध चीर जाते. उताराचं पाणी पायाजवळ मुरत असेल तर हे आणखी लवकर होतं.

पाया न बघता मजला चढवणं

एका मजल्यासाठी घातलेल्या फूटिंगवर (कॉलमखालच्या पायाच्या रुंद ठोकळ्यावर) तीन मजले चढवून मग "जमीनच खराब" म्हणणारे पुष्कळ भेटतात. यावर अधिक काय बोलायचं.

एकच औषध सगळीकडे

सिमेंट ग्राऊटिंग, म्हणजे जमिनीत दाबाने सिमेंटचं पातळ मिश्रण सोडणं, वाळूमिश्रित किंवा पोकळ भरावात उपयोगी आहे. चिकणमातीत ते मुरत नाही, फटी पाडत वाट मिळेल तिकडे जातं. तिथे मायक्रोपाईल (कमी व्यासाचे पाईल) टाकून भार खोलवर न्यावा लागतो. उथळ पायाखाली नवा पाया घेताना खोदाई साधारण मीटर-सव्वा मीटरच्या टप्प्यातच करायची आणि शेजारचे दोन टप्पे एकाच वेळी उघडायचे नाहीत. वरच्या भिंतीला टेकू द्यायलाच हवेत. हे काम पावसाळ्यात काढू नका. खाडीजवळ खड्ड्यात पाणी भरतं आणि पंप लावून उपसताना शेजारच्या घराखालची मातीही निघून येते.

शेजारी नवं बांधकाम सुरू होणार असेल तर खोदाईआधी तुमच्या भिंतींचे तारखेसह फोटो काढून त्याची प्रत बिल्डरकडून सही करून घ्या. इमारत ३० वर्षांची झाली असेल तर स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इंजिनिअरकडून इमारतीच्या मजबुतीची तपासणी, बंधनकारक आहेच. त्यात पायाजवळ एक-दोन खड्डे घेऊन फूटिंग प्रत्यक्ष बघायला सांगा, नाहीतर अहवाल फक्त प्लॅस्टरवर येतो. प्लॅस्टर आणि रंगाचं काम मात्र सगळ्यात शेवटी, दुरुस्तीनंतर एक पावसाळा काचेची पट्टी शाबूत राहिली तरच.