पेट शॉपमधलं 'छोटं' कासव घेण्याआधी

डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं, रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडंसं मोठं हिरवं पिल्लू 'एवढंच राहतं' म्हणून विकलं जातं. साफ खोटं. हे अमेरिकेतलं रेड-इअर्ड स्लायडर. मादी 25-30 सेंटीमीटरपर्यंत वाढते आणि नीट सांभाळलं तर 20 वर्षांहून जास्त जगते.

दुकानात आधी टाकी बघा. पाण्याबाहेर चढून अंग सुकवायला कोरडी जागा आणि वर यूव्हीबी दिवा (उन्हातल्यासारखे अतिनील किरण देणारा) आहे का? नुसत्या पाण्याच्या वाडग्यात ठेवलेली पिल्लं असतील तर सरळ बाहेर पडा. सुजलेले, मिटलेले डोळे किंवा मऊ पडलेली पाठ म्हणजे पिल्लू आजारी आहे. दया येऊन विकत घेतलंत तर दुकानदार उद्या दुसरं आणून ठेवेल, हेही खरं. 2018 च्या पेट शॉप नियमांनुसार राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते; प्रमाणपत्र दाखवायला सांगा. पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेलं कासव कुणी हळूच पुढे केलं तर घेऊ नका. ते आपलं स्टार कासव. त्याची खरेदी-विक्री हा वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे.

आधीच घरी असेल आणि झेपत नसेल, तर तळ्यात मात्र सोडू नका. तिथल्या देशी कासवांच्या तोंडचा घास जातो. प्राणी बचाव संस्थेला फोन करा.