उंदरांची स्मृती आणि मेंदूतील रसायने: प्रयोगात या चुका टाळा

उंदीर फळीवरून जाळीवर उतरताच त्याच्या पायांना सौम्य विजेचा धक्का द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी तो फळीवर किती सेकंद थांबतो हे मोजायचे (धक्का आठवत असेल तर तो जास्त वेळ थांबतो), ही स्मृती तपासण्याची रूढ पद्धत आहे. या सेकंदांनाच स्मृती समजणे ही पहिली चूक. स्कोपोलामिन हे औषध ॲसिटाइलकोलीन या मेंदूतील संदेशवाहक रसायनाचे मस्कॅरिनिक ग्राही (ते रसायन पकडणारी पेशींवरील प्रथिने) रोखते, पण त्यामुळे उंदराची धावपळही वाढते. म्हणून तो विसरल्यामुळे लवकर उतरला की चळवळ्या झाल्यामुळे, हे हालचालींची स्वतंत्र नोंद असल्याशिवाय सांगता येत नाही.

औषध कधी दिले याकडे होणारे दुर्लक्ष अधिक महागात पडते. शिकवण्यापूर्वी दिलेले औषध शिकण्यावरच परिणाम करू शकते, शिकवल्यानंतर लगेच दिलेले स्मृती पक्की होण्यावर, तर चाचणीआधी दिलेले आठवण्यावर. मॉर्फीन हे वेदनाशामक इथे हमखास फसवते. शिकवण्यापूर्वी ते दिलेला उंदीर दुसऱ्या दिवशी सारे विसरल्यासारखा वागतो. त्याला धक्क्याची वेदनाच कमी जाणवली असेल, अशी शंका रास्तच आहे. मात्र चाचणीआधी पुन्हा मॉर्फीन मिळताच तो फळीवर थांबतो, म्हणजे स्मृती तयार झाली होती, पण ती औषधाच्या अवस्थेशी बांधलेली होती. दुसऱ्या रसायनप्रणालीवरील (म्हणजे दुसऱ्या संदेशवाहक रसायनावर व त्याच्या ग्राहींवर काम करणाऱ्या) औषधाने हीच आठवण परत आणली, तर त्याला सरसकट ‘स्मृतिवर्धक’ म्हणणे घाईचे ठरते.

दोन प्रणालींचा परस्परसंबंध दाखवायचा असेल तर दोन्ही औषधे एकत्र देऊन भागत नाही. केवळ द्रावक (औषध ज्यात विरघळवतात तो द्रव, औषधाविना), पहिले औषध, दुसरे औषध आणि दोन्ही मिळून, असे चारही गट एकाच वेळी हवेत. मस्किमॉल या औषधाच्या मोठ्या मात्रेने गाबा या मेंदूची क्रिया मंदावणाऱ्या रसायनाचे ग्राही उत्तेजित होऊन स्मृती आधीच तळाला गेली असेल, तर स्कोपोलामिनची भर दिसणार कुठून? म्हणून एकेकट्याने परिणाम न करणाऱ्या मात्रा आधी शोधाव्यात. तरीही एका गटात फरक लक्षणीय आणि दुसऱ्यात नाही, एवढ्यावर परस्परक्रिया सिद्ध होत नाही. द्विमार्गी प्रसरण विश्लेषणातील (दोन घटकांचे परिणाम एकत्र तपासणाऱ्या सांख्यिकी पद्धतीतील) परस्परक्रियेचे पद तपासावेच लागते.

औषध नळीने थेट हिप्पोकॅम्पस या मेंदूतील स्मृतीशी निगडित भागात सोडले असल्यास प्रयोगानंतर मेंदूचे काप घेऊन नळीचे टोक कुठे होते ते पाहावे, आणि जागा चुकलेले उंदीर निकालांचे आकडे उघडण्यापूर्वीच वगळावेत.